चौकट तरंगली, तिथून सुरुवात

समुद्रगवताची पाहणी करणारे स्वयंसेवक अर्ध्या मीटरची चौकट घेऊन पाण्यात उतरतात. विदर्भाला समुद्र नाही, पण झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मालगुजारी तलाव आहेत, एकेकाळी मालगुजारांच्या म्हणजे गावच्या जमीनदारांच्या ताब्यातले. तिथल्या पाणवनस्पती मोजायला तीच चौकट चालते. जानेवारीत अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावतलावावर तीन दिवस हेच काम केलं. मी यवतमाळकडचा, कापसाच्या मुलखातला. एवढं पाणी पाहूनच हरखलो.

पहिल्याच तासाला फजिती. पीव्हीसी पाइपची आमची चौकट तळाशी बसेना, बदकासारखी तरंगत सुटली. पाइपात हवा राहिली होती. संध्याकाळी गावातल्या सायकलवाल्याकडून तिला भोकं पाडून घेतली. तुम्ही घरूनच पाडून न्या.

पद्धत सोपी आहे. काठापासून आत ५० मीटरची दोरी ताणायची, दर पाच मीटरवर चौकट टाकायची आणि आतला किती भाग वनस्पतींनी झाकलाय ते टक्क्यांत लिहायचं. दोघांनी आपापला अंदाज आधी मनात धरावा, मग बोलावं. नाहीतर दुसरा पहिल्याचीच री ओढतो. काहीच नसेल तिथं शून्य लिहा. रिकामा रकाना पाहून नंतर कुणालाच कळत नाही की तिथं काही नव्हतं की तुम्ही पाहिलंच नाही.

आमच्यासोबत एक म्हातारे ढिवर मामा होते, मासेमारी करणाऱ्या समाजातले. मी वाकून वाकून पाण्यात बघत होतो. ते म्हणाले, "डोऱ्यानं काऊन पायता जी, पायानं पाहा ना." हायड्रिला ही पाण्याखालची वनस्पती कुठं दाट आहे, कुठं नुसता चिखल, हे त्यांना तळव्यांनी कळत होतं. त्यांनी सांगितलेल्या तीन जागी चौकट टाकली, तिन्ही वेळा खरे ठरले. त्यानंतर आमचा नकाशा त्यांना विचारूनच काढला.

ही पाणवनस्पती हवी कशाला? मासे तिच्यात अंडी घालतात, पिलं तिच्यात लपतात, पाणपक्षी तिच्यावर जगतात. ग्रास कार्प हा मासा तलावात सोडला की तो ती खाऊन टाकतो. सायप्रिनस हा दुसरा मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो, मग खाली ऊन पोचत नाही. गाळ आणि काठानं माजणारं बेशरमचं झुडूप आहेतच. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची म्हणजे बांधाची आणि सलंगाची म्हणजे सांडव्याची वर्षानुवर्षं निगा राखणारी गावाची घडी विस्कटली, असं पाळीवर बसलं की ऐकायला मिळतं. मला त्यात तथ्य वाटतं.

बेशरम उपटायला हात शिवशिवतील. जरा थांबा. तिचे तुकडे ओल्या जागी पडले तर तिथंच रुजतात. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर मुळासकट काढायची आणि पाळीच्या पलीकडे कोरड्यात वाळवायची. त्या झुडपांत साप असतात, काठीनं आवाज करत जा.

नागपूरहून साकोलीपर्यंत एसटी भरपूर आहेत, पुढच्या गाड्या मोजक्याच. परतीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. मासेमारीचा हक्क बहुधा ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे असतो. ग्रामपंचायतीइतकंच त्यांनाही विचारा, त्यांच्या जाळ्यांमधून दोरी ताणू नका. चप्पल चिखलात राहते, पट्ट्याचे जुने बूट न्या. जळू चिकटली तर ओढू नका, नखानं तिचं तोंड सरकवा. कागदावर पेन्सिलनंच लिहा. सकाळी नऊच्या आत उतरायचा हट्ट नको. पाणी गार असतं आणि तिरप्या उन्हात तळ दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी लाखोरीच्या बांधावर बसून डबे खाल्ले. चौकट मामांकडेच ठेवून आलो. मे महिन्यात बेशरम काढायला जायचंय, तेव्हा तीच लागेल.