मार्चअखेरचा ताळेबंद आणि मेअखेरचं गोदाम

काजू कारखान्याला खेळतं भांडवल, म्हणजे कच्चा माल आणि रोजचा व्यवहार चालवायला लागणारा पैसा, किती लागतं, हे मार्चअखेरच्या ताळेबंदावरून ठरवायला गेलं की हमखास फसतं. गोव्यात काजूचा हंगाम मार्च ते मे. 31 मार्चला गोदाम नुकतंच भरू लागलेलं असतं, खरी ओढाताण पुढच्या दोन महिन्यांत होते. डिचोली तालुक्यातल्या एका कारखान्याच्या कर्ज नूतनीकरणाचं काम माझ्याकडे होतं. बँकेच्या कर्जाची मर्यादा वाढवून हवी होती, म्हणून बँकेच्या अधिकाऱ्यांना मी मुद्दाम मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, तपासणीला बोलावलं.

कारखाना महिन्याला 20 टन बी फोडतो. चार किलो बीमागे साधारण एक किलो गर. वर्षाची विक्री पावणेचार कोटी. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या सूत्रानुसार अंदाजित उलाढालीच्या 25 टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज. त्यातले 5 टक्के मालकाने घालायचे, 20 टक्के बँकेने. म्हणून मर्यादा 75 लाख. हे सूत्र खरं तर लहान उद्योगांना निदान एवढं तरी मिळावं म्हणून आलं, पण शाखेत त्यालाच कमाल मानायची सवय पडली आहे. वेर्ण्यातल्या एखाद्या पॅकेजिंग युनिटला, जिथे महिन्याच्या महिन्याला माल येतो, तिथे ते चालून जातं. वर्षाचा बहुतेक कच्चा माल तीन महिन्यांत उचलावा लागणाऱ्याने काय करायचं?

अधिकाऱ्यांच्या कागदावर 31 मार्चचा साठा 40 टन होता, म्हणजे दोन महिन्यांचा. "मग अडचण कुठे आहे?" त्यांनी विचारलं. कारखान्याचे मालक भाई, त्यांनी गोदाम उघडलं. पोती छताला टेकलेली. मोजली, 120 टन भरली. किलोला सरासरी 120 रुपये, म्हणजे नुसत्या बियांत 1 कोटी 44 लाख अडकलेले. प्रक्रियेतला माल, तयार गर आणि पणजी-कळंगुटच्या दुकानदारांकडची येणी धरून, डबे-खोकी पुरवणाऱ्यांचं देणं वजा करून, आणखी 80 लाख. बियांवर उधारी मिळत नाही. भाईंच्याच शब्दांत, "बागायतदाराक फाल्यां यो म्हणूंक जायना," म्हणजे त्याला "उद्या ये" सांगता येत नाही. गरज झाली 2 कोटी 24 लाख. बँकेचे 75 लाख, भाईंचे स्वतःचे 45 लाख.

"उरलेले 1 कोटी 4 लाख कुणाचे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

भाई गर सुकवायच्या भट्टीबद्दल आणि सोलणाऱ्या बायकांच्या मजुरीबद्दल बोलायला लागले. त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, मुकाट्याने खरेदीची वही पुढे केली. मागच्या पानांवर घाऊक व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल होती. एप्रिलअखेर पैसे घ्यायचे, जूनपासून गर देऊन फेडायचे, तेही बाजारात 620 रुपये असताना 590 ने. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हिशेब मिटतो, म्हणून मार्चच्या ताळेबंदात ही उचल कधी दिसलीच नव्हती. त्यात लबाडी कुणाची नव्हती. त्या तारखेला दाखवण्यासारखं काही उरतच नसे.

एप्रिलच्या स्टॉक स्टेटमेंटचं, म्हणजे बँकेला दर महिन्याला द्यायच्या साठ्याच्या हिशेबाचं, मात्र तसं म्हणता येत नव्हतं. तिथे ही रक्कम देणं म्हणून लिहायलाच हवी होती. अधिकारी चिडले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. 2 कोटी 24 लाखांतून उचल वजा करून मी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मालाच्या तारणावर बँकेतून काढता येणारी रक्कम, काढली. 1 कोटी 20 लाख उरले, 25 टक्के मार्जिन, म्हणजे मालकाचा हिस्सा, सोडून 90 लाख. म्हणजे बँकेचे 75 लाख सुरक्षित होते. तेव्हा कुठे चहा घेतला गेला.

चहा होईस्तोवर उचलीचा खरा खर्च काढला. साडेसतरा टन गरावर किलोमागे 30 रुपये, म्हणजे सव्वापाच लाख. पैसे वापरायला मिळाले ते दिवस धरले तर वर्षाला 22 टक्क्यांच्या आसपास व्याज. भाईंना ते व्याज वाटतच नव्हतं, "थोडा भाव कमी" एवढंच वाटत होतं.

मग वहिनींच्या वहीवरून बारा महिन्यांचा तक्ता मांडला: सुरुवातीचा साठा, खरेदी, फोडलेलं, शिल्लक, आणि प्रत्येकापुढे रुपये. शिखर मेअखेरीस, तळ फेब्रुवारीत. हंगामी मर्यादा वेगळी मागायची हे ठरलं, पण 2 कोटी 24 लाखांच्या गरजेला 25 टक्के मार्जिनने मालकाचे 56 लाख लागतात आणि भाईंकडे होते 45. म्हणून हंगामातली खरेदी 180 टनांवरून 140 वर आणली. मेअखेर शिल्लक 80 टन, गरज 1 कोटी 76 लाख, भाईंचे 44, बँकेचे 1 कोटी 32 लाख: 75 नेहमीचे, 57 हंगामी.

भाई भडकले. 140 टन सप्टेंबरअखेर संपतात आणि ऑक्टोबरपासून पर्यटक यायला लागतात! आफ्रिकेचं बी थोडं थोडं घेऊन कारखाना चालेल, पण त्या पाकिटावर "गोव्याचा काजू" लिहायला त्यांचा हात धजणार नाही. मला ते आवडलं. असे हात हल्ली कमी आहेत. तोड वहिनींनी काढली: पावसाळ्यात आफ्रिकेचं फोडायचं, स्थानिक पोती मागे ठेवायची. त्यासाठी हंगामी मर्यादा जूनपासून न घटवता ऑक्टोबरपासून घटवावी लागली, त्यावर बँकेशी बरीच घासाघीस झाली. आफ्रिकेच्या मालाचे पैसे गर विकून फिरवायचे, हा त्यातला नाजूक भाग अजूनही आहे.

मंजुरी फेब्रुवारीत आली. बातमी व्यापाऱ्यापर्यंत पोचली आणि त्याने कपात 30 वरून 12 रुपयांवर आणली. हिशेब केला तर वर्षाला नऊ टक्क्यांच्या आत, बँकेपेक्षाही स्वस्त. भाई अजून विचार करताहेत. मी वहिनींना सांगून ठेवलंय, उचल घेतलीत तर त्याच महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये लिहा.