आंबोली: फेस, डबकी आणि पहिला पूर

कोकणकन्येने सकाळी सावंतवाडी रोडला उतरायचं, स्टँडवर येऊन बेळगावकडे जाणारी एसटी धरायची आणि दाणोली मागे पडली की खिडकी बंद करून घ्यायची. नाही केली तर घाटातलं ढग सरळ मांडीवर येतं. साधारण तीस किलोमीटरचा हा रस्ता मला कधीच कंटाळवाणा वाटत नाही, मधल्या धबधब्याचा टप्पा सोडला तर. जूनअखेरीस तिथे गाड्यांच्या डिक्क्या उघड्या, आत भलेमोठे स्पीकर आणि मक्याच्या कणसांचा धूर. त्या गोंगाटापासून दोन-तीन किलोमीटर पुढे गेलं की बेडकांचा गोंगाट सुरू होतो. आम्ही त्याच्यासाठी आलो होतो.

आम्ही म्हणजे मी आणि नववीत गेलेला माझा भाचा. त्याला साप बघायचे होते, मला अंडी. समुद्रसपाटीपासून जवळजवळ सातशे मीटरवरच्या या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. अंगाला पाणी लागल्याशिवाय ज्यांचं जमत नाही, त्या सगळ्यांची पोरंबाळं याच काळात होतात. होमस्टेच्या काकूंना आमचा बेत सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बेडूक बघूक इलास? मगे बाहेर कित्याक जातास, न्हाणीघरात बसलेले आसत." आणि खरंच एक होता, बादलीच्या काठावर.

रात्री जेवण आटोपून गावातल्याच एका गाईडबरोबर निघालो. तरुण मुलगा, आंबोलीतच वाढलेला. मला ताई म्हणत होता आणि भाच्याला काहीच नाही. त्याच्याशी तो थेट बोलायलाच लागला. रस्त्याकडेला एक सिमेंटची टाकी होती, अर्धी भरलेली, वर झाडाच्या फांद्या आलेल्या. टॉर्च वर केला तर फांदीच्या टोकाला मलबारी उडता बेडूक. हिरवागार, बोटांमधले पडदे नारिंगी-तांबडे. मादी मोठी आणि तिच्या पाठीवर चिकटलेला नर तिच्या निम्माही वाटत नव्हता. ती मागचे पाय सावकाश, एका लयीत हलवत होती. अंड्यांबरोबर बाहेर पडणारा चिकट द्रव ती पायांनी घुसळत होती आणि अंड्यातला पांढरा बलक फेटल्यावर येतो तसा फेस तिच्या पायांमधून वाढत चालला होता. आजूबाजूची दोन-चार पानं त्यात चिकटून आत ओढली गेली. अंडी त्या फेसाच्या पोटात.

हे काम बराच वेळ चालतं. आमच्या माना दुखल्या, जळवा चढल्या, पण भाचा हलेना. शेवटी नर सुटला, मादी थोडा वेळ तशीच बसून राहिली आणि मग फांदीवरून वर अंधारात निघून गेली.

"मावशी, ही परत कधी येणार?"

येणार नाही. तिचं काम झालं. त्याला ते अजिबात पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही असल्या गोष्टी वाचून माहीत असूनही दर वेळी जरा खटकतं. पण त्या फेसाकडे नीट बघितलं की लक्षात येतं, तिने काय काय आधीच करून ठेवलंय. वरचा थर वाऱ्याने सुकून कडक होतो, आतला ओला राहतो. पाण्यातले किडे, मासे, दुसऱ्या बेडकांचे बेडूकमासे यांच्या तोंडापासून अंडी वर टांगलेली राहतात. आणि फांदी निवडलीय ती बरोबर पाण्यावरची. आई-बापाची काळजी म्हटलं की आपल्याला राखण करत बसलेली आकृती आठवते. आंबोलीत फिरताना मला वाटत गेलं की बऱ्याच प्राण्यांची सगळी काळजी जागा आणि वेळ निवडण्यातच खर्च होते, पुढचं अंड्यातल्या जिवाने बघायचं.

आणि तो बघतो. पिल्लांनी बाहेर कधी पडायचं हे ठरलेल्या तारखेवर असतं, असं शाळेत शिकल्यासारखं मला बरीच वर्षं वाटायचं. याला धक्का दिला तो मध्य अमेरिकेतल्या एका बेडकाने. लाल डोळ्यांचा वृक्षबेडूक. कॅलेंडरांवर हमखास असतो तोच. त्याची अंडीही पाण्यावरच्या पानांना चिकटवलेली असतात, फेस मात्र नसतो, नुसता पारदर्शक चिकट गोळा. कॅरेन वॉर्केन्टिन या संशोधिकेने 1995 मध्ये कोस्टा रिकातल्या निरीक्षणांतून दाखवलं की सापाने तो गोळा खायला सुरुवात केली की आतली पिल्लं वेळेच्या आधीच कवच फोडून खाली पाण्यात उड्या घेतात. एरवी ती सहा-सात दिवस आत राहतात. संकट आलं तर दोन-तीन दिवस आधीही सुटतात. यात फुकट काही नाही. लवकर सुटलेलं पिल्लू लहान आणि दुबळं असतं आणि पाण्यातल्या झिंग्या-माशांना सहज सापडतं. म्हणजे उगाच घाई करून चालत नाही.

मग प्रश्न येतो पावसाचा. पाऊसही पानाला हादरवतोच. आम्ही उभे होतो त्या टाकीवर प्रत्येक पान थडथडत होतं. वॉर्केन्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सापाच्या हल्ल्याची आणि पावसाची कंपनं नोंदवून ती अंड्यांना पुन्हा 'ऐकवली'. पावसाच्या कंपनांना पिल्लं फारशी भुलत नाहीत. हादरा किती वेळ टिकतो आणि दोन हादऱ्यांमध्ये किती अंतर आहे, यावरून ती फरक करतात. जन्माआधीच साप कोणता आणि सर कोणती हे कळतं! मी हे सगळं भर पावसात भाच्याला ओरडून सांगत होते आणि तो गाईडला विचारत होता, "साप कुठाय पण?" साप नंतर भेटला: मलबारी चापडा, कारवीच्या फांदीवर वेटोळं करून, आमच्याकडे ढुंकूनही न बघणारा.

त्या रात्रीचा दुसरा मुक्काम ओढ्यावर होता. इथे रातबेडूक असतात. सुरकुतलेल्या अंगाचे, मातकट, फोटोत अगदी सुमार दिसणारे. वाहत्या पाण्यावर झुकलेल्या पानांवर आणि ओल्या दगडांवर त्यांच्या अंड्यांचे छोटे पुंजके असतात. एका पानावर ताजी, काळे ठिपके असलेली अंडी होती. शेजारच्या पानावर आत वळवळणारी शेपटी दिसावी इतकी वाढलेली. नर त्याच जागी रात्रीमागून रात्री हाका मारत बसतो आणि त्याच्या हद्दीत असे निरनिराळ्या वयाचे पुंजके साठत जातात. वेळ झाली की पिल्लं खालच्या पाण्यात टपकतात.

याच प्रजातीतला मुंबईच्या नावाचा रातबेडूक सातारा जिल्ह्यात, कोयनेजवळच्या हुंबरळीत अभ्यासला गेला आणि 2016 मध्ये त्याची वीण जगभर बातमीचा विषय झाली. नर मादीला मिठी मारत नाही. तिच्या पाठीवर बसून हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, वीर्य पाठीवर सोडतो आणि निघून जातो. त्यानंतर मादी अंडी घालते. ओघळत आलेल्या वीर्याने ती फळतात, तोवर दोघांचा स्पर्शही संपलेला असतो. त्याहून मला आवडतो तो त्याचा कर्नाटकातला भाऊबंद, उत्तर कन्नडच्या जंगलातला कुंभार बेडूक, 2014 मध्ये शास्त्राला माहीत झालेला. तिथला नर ओढ्यातला चिखल हातात घेऊन, मागच्या पायांवर उभा राहून, अंड्यांना लिंपतो. अंडी सुकू नयेत, कुणाच्या नजरेत भरू नयेत यासाठी असावं, असा संशोधकांचा तर्क. बेडकाचा बाप हातात माती घेऊन गिलावा करतोय हे चित्र भाच्याला फारच आवडलं. आपल्याकडे असा का नाही, म्हणून तो गाईडशी भांडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटात चढणीचे मासे आले. वळगणीचे. पहिल्या पुरात ओढे-नद्यांना लाल पाणी येतं तेव्हा गाभोळी भरलेले मासे उलट्या प्रवाहाने वर, शेतांत, चोंढ्यांत चढतात आणि लोक रात्री बत्ती घेऊन त्यांना धरायला जातात. चव अफाट, यात वाद नाही. पण मी एकच घास खाल्ला. ही माझी अडचण, काकूंची नाही. त्यांनी ताट बघून नाक मुरडलंच. या माशांना राखण वगैरे माहीत नाही. लाखोंनी अंडी सोडायची, पुराच्या उथळ, भक्षक नसलेल्या पाण्यात, आणि परत फिरायचं. म्हणून त्यांच्या अंड्यांना थांबायला सवड नसते. रोहू-कटल्यासारख्यांची अंडी उबदार पाण्यात साधारण 15 ते 18 तासांत फुटतात. पाणी ओसरायच्या आत पोहता आलं पाहिजे.

"सगळेच तसे नसतत," काका म्हणाले. मरळ पोरांना सोडत नाही, हे त्यांनी लहानपणी तळीवर बघितलेलं. लालसर पिल्लांचा थवाच्या थवा पृष्ठभागावर आणि खाली आई-बाप. त्या थव्यात हात घातला तर चावा ठरलेला. मरळीच्याच कुळातला एक लहानसा ओढ्यातला मासा आहे, चन्ना गचुआ. त्याचा नर तर अंडी आणि पिल्लं तोंडात घेऊन फिरतो. हे सांगितल्यावर काकूंनी पहिल्यांदा रस दाखवला. "आणि जेवता कसो?" जेवत नाही, किंवा जेमतेम. यावर त्यांनी काकांकडे बघितलं, बोलल्या काही नाहीत.

विषय मग कुर्ल्यांवर गेला, कोकणात तो जातोच. खाडीतली चिंबोरी लाखो अंडी पोटाखाली धरते, पण ती समुद्रात फुटतात आणि इवल्या अळ्या प्रवाहाबरोबर भरकटतात. घाटातल्या गोड्या पाण्यातल्या कुर्लीला हे परवडत नाही, ओढ्याने अळ्या वाहून नेल्या असत्या. तिची अंडी थोडी पण मोठी. अळीची सगळी अवस्था अंड्यातच उरकते आणि पोटाखालच्या झाकणातून बाहेर येतात त्या तयार, चालत्या छोट्या कुर्ल्या. त्याही काही दिवस आईला धरूनच असतात. अशी पिल्लांची कुर्ली सापडली तर काका सोडून देतात. त्यांच्या वडिलांनी तसं शिकवलेलं, एवढंच कारण.

संध्याकाळी पाऊस वाढला आणि आम्ही पुन्हा टाकीवर गेलो. आदल्या रात्रीचा फेस अजून पांढरा होता, पण त्याच्याशेजारी एक जुना, तपकिरी पडलेला गोळा होता. जवळपास आठवड्याचा असावा. सरींनी त्याचा खालचा भाग सैल झाला होता आणि त्यातून बेडूकमासे एकेक करून, मधूनच तिघे-चौघे एकदम, टाकीत गळत होते. इथे पावसाचे हादरे पळवून लावत नाहीत, वाटच मोकळी करून देतात. कोरडे दिवस लागले तर तीच पिल्लं फेसात अडकून पडतात.

शेवटच्या सकाळी चौकुळच्या बाजूच्या सड्यावर गेलो. जांभ्याचा काळा उघडा कातळ, त्यात इंच-दोन इंच खोल डबकी. आंबोलीचा टोड इथला. बाजूंवर वाघासारखे पट्टे असलेला हा चिमुकला प्राणी 2009 मध्ये नव्या जातीचा म्हणून नोंदला गेला, या परिसराबाहेर जवळजवळ सापडत नाही आणि जागतिक यादीत अतिधोक्यात आहे. मान्सूनच्या पहिल्याच सरींना शेकड्यांनी सड्यावर यायचं, अशा उथळ डबक्यांत अंडी घालायची आणि काही दिवसांत सगळं आटोपायचं, ही त्याची रीत. मोठे टोड केव्हाच पांगले होते. डबक्यांत बेडूकमासे मात्र गच्च होते. चार दिवस ऊन पडलं तर डबकं वाळतं, जोराची सर आली तर पाणी कातळावरून वाहून जातं. उशीर करणाऱ्याला इथे जागाच नाही. आणि अशाच डबक्यांतून लोक गाड्या फिरवतात, रीलसाठी. त्याबद्दल अधिक लिहिलं तर भाषा बिघडेल.

जाणार असाल तर जूनच्या मध्यापासून पुढे जा. रात्री गावातला गाईड घ्याच. त्याला ओढा माहीत असतो आणि चापडाही. जळवांचे मोजे घ्या, मीठ नको. फेसाच्या घरट्याला हात लावू नका, फोटोसाठी फांदी वाकवू नका. सड्यावर चालताना उघडा कातळ बघून पाय टाका. हिरण्यकेशीच्या उगमावर देवळाच्या कुंडात 2020 मध्ये नोंदलेला आंबोलीचाच छोटा मासा दिसतो. कुंडाचा परिसर आता जैवविविधता वारसास्थळ आहे, त्यामुळे पाण्यात काही टाकू नये. आणि सावंतवाडीला जाणारी दुपारची एसटी पावसात कधीही उशिरा येते, तेव्हा गाडीच्या वेळेत दोन तास तरी हाताशी ठेवा. आम्ही ठेवले होते, सगळे खर्ची पडले.