व्हेनोनामुळे मॅकार्थी खरा ठरला का?

अमेरिकन सरकारात कम्युनिस्ट घुसलेत असा आरोप करत सुटलेला सिनेटर जोसेफ मॅकार्थी व्हेनोनाच्या कागदांमुळे खरा ठरला का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नाही ठरला. पण मॅकार्थीकडे बोट दाखवून अमेरिकेतला सगळाच कम्युनिस्टविरोध म्हणजे भुताटकीची भीती, असं म्हणणारेही चुकले.

आधी व्हेनोना म्हणजे काय ते पाहू: सोव्हिएत गुप्त तारा फोडून वाचण्याचा अमेरिकेचा प्रकल्प. सोव्हिएत वकिलातींच्या गुप्त तारांत प्रत्येक शब्दासाठी संकेतकोशातला आकडा घेत, मग त्यात किल्लीच्या पानावरचे आकडे हातचा न धरता मिळवत. एक पान एकदाच वापरलं, तर अशी तार फुटत नाही. पण १९४२ च्या सुरुवातीला, युद्धाच्या धांदलीत, हजारो पानांच्या दोन-दोन प्रती निघाल्या. एकाच पानावर बेतलेल्या दोन तारा सापडल्या की एकीतून दुसरी वजा करायची. किल्ली गळून पडते. मग संकेतकोश पुन्हा जुळवायचा, आणि खरे कष्ट तिथेच होते. डिसेंबर १९४६ मध्ये या प्रकल्पातल्या मेरेडिथ गार्डनरने एक तार वाचली, तर तिच्यात अणुबॉम्बच्या शास्त्रज्ञांची नावं होती. क्लाउस फुक्स, ज्युलियस रोझेनबर्ग या सोव्हिएत हेरांपर्यंतचा माग याच तारांतून लागला. हेरगिरी खरी होती, याबद्दल आता वाद घालण्यात अर्थ नाही.

आता तारखा पाहा. सोव्हिएतांसाठी हेरगिरी केलेल्या एलिझाबेथ बेंटलीने १९४५ मध्येच एफबीआयला जबानी दिली आणि मॉस्कोने आपलं बरंचसं जाळं गुंडाळलं. फुक्सला २ फेब्रुवारी १९५० ला अटक झाली. मॅकार्थीचं व्हीलिंगचं भाषण ९ फेब्रुवारीचं! परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांचा त्याने सांगितलेला २०५ चा आकडा काही दिवसांत ५७ झाला, मग ८१. तो चोर गेल्यावर आरडाओरडा करत होता, तोही भलत्याच दारांपुढे.

त्याला एवढी जागा मिळाली ती गुप्ततेमुळे, असं माझं ठाम मत आहे. व्हेनोनाचा पुरावा कोर्टात मांडता येत नव्हता. तारा फोडणाऱ्यांतच काम करणारा सोव्हिएत हेर विल्यम वाइसबँड याच्यामुळे मॉस्कोला ते काम कधीच कळलं होतं. अमेरिकन जनतेला मात्र कागद १९९५ मध्ये दिसले. मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष ट्रूमनच्या १९४७ च्या निष्ठा-तपासणीत सरकारी नोकराला आपल्यावर आरोप कोणी केला हेही अनेकदा सांगत नसत.

फेरविचार करायचाच, तर तो वॉल्टर रॉयथरसारख्यांचा करा. मोटार कामगारांच्या युनियनमध्ये त्याने कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावरच्या गटाला १९४६ आणि १९४७ मध्ये कामगारांच्याच मतांवर हरवलं.