फेज म्हणते तीन, मीटर म्हणतं पावणेपाच

साताऱ्यातलं एक दुमजली घर. खाली घरमालक काका-काकू, वर भाडेकरू जोडपं. मीटर दोन, सर्व्हिस वायर एकच. वरच्यांचं बिल वर्षानुवर्षं महिन्याला ९० युनिटच्या आसपास यायचं, ते हळूहळू चढत १४० वर गेलं. घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त आणि पुढची बरीच महाग, त्यामुळे रुपयांतली वाढ युनिटांपेक्षा जास्त बोचत होती. काका म्हणत होते, "मीटर पळतंय." वरच्या भाडेकरू ताईंचा संशय वेगळा होता: "दादा, खालचा गिझर आमच्या मीटरवर तर नाही ना?" दोघांनाही पैसे भरून मीटर तपासून घ्यायचं होतं. मी म्हटलं, त्याआधी आठवडाभर मोजून बघू.

मोजायला नेहमीचंच सामान वापरलं: पीझेम-००४टी चं तिसऱ्या आवृत्तीचं १०० अँपिअरचं मॉड्यूल (वीज मोजणारं छोटं सर्किट), उघडबंद होणारा सीटी (तारेभोवती बसवून तिच्यातला करंट मोजणारी कडी), ईएसपी३२ बोर्ड (आकडे घेऊन वायफायने पाठवणारा छोटा संगणक) आणि पाच व्होल्टचा हाय-लिंक सप्लाय. सीटी बाजारात सुटाही मिळतो, मग मॉड्यूल कशाला, असं बरेच जण विचारतात. नुसत्या सीटीने फक्त करंट कळतो. त्याला २३० ने गुणलं की फ्रिज, पंखे, पंप यांची वॉटेज फुगून दिसते, कारण पॉवर फॅक्टर (करंटमधला खऱ्या कामाचा हिस्सा) हिशेबात येत नाही. पीझेम व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी मोजतं आणि खरे वॉट देतं. दोन-अडीच हजारांत सगळं बसतं.

जोडणीत लोक अडकतात ते ठरलेल्या जागी. पीझेमची सिरियल बाजू पाच व्होल्टची, ईएसपीची ३.३ ची. थेट जोडलं तर काही नग उत्तर देतात, काही देत नाहीत, आणि काही उन्हाळ्यात देतात पण पावसाळ्यात नाही. मध्ये ही दोन व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर टाकला की प्रश्न मिटतो. मीटरिंग चिपला वीज मेन लाइनकडून मिळते, त्यामुळे टेबलावर नुसते पाच व्होल्ट देऊन बसलात तर मॉड्यूल गप्पच राहणार. व्होल्टेजच्या तारा स्वतंत्र एमसीबीतून (करंट जास्त झाला की पडणाऱ्या स्विचमधून) घ्यायच्या, पुढे काचेचा एक अँपिअरचा फ्यूज आणि २७५ व्होल्टचा एमओव्ही, म्हणजे व्होल्टेजची उसळी शोषणारा भाग. मॉड्यूलची मर्यादा २६० व्होल्ट आहे. खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात त्याहून बरंच जास्त व्होल्टेज येतं आणि सगळ्यात आधी हेच जळतं. आणि डबा प्लॅस्टिकचा घ्यायचा. लोखंडी डीबीच्या (एमसीबी बसवलेल्या पेटीच्या) आत ठेवलं तर वायफाय बाहेर येत नाही.

सीटीचे दोन्ही जबडे नीट मिटले पाहिजेत. मध्ये प्लास्टरची धूळ अडकली तरी रीडिंग कमी येतं. या मॉड्यूलला वीस मिलिअँपिअरच्या खालचं दिसत नाही, म्हणजे मोबाइलचा रिकामा चार्जर त्याच्या लेखी नाहीच. लहान लोड बघायचा असेल तर तार सीटीतून तीन वेळा ओवायची आणि आलेल्या आकड्याला तीनने भागायचं.

मीटरला हात लावायचा नाही. सील तोडणं, मीटरच्या आधी काही जोडणं हे वीज कायदा २००३ खाली गुन्ह्यात जातं. पण मीटरच्या तोंडावरचा लाल दिवा बाहेरून बघायला कुणाची मनाई नाही. या मीटरवर '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' असं छापलेलं होतं, म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकणार. दोन लुकलुकण्यांमधले सेकंद मोजून ११२५ ला त्याने भागलं की त्या क्षणाचे वॉट मिळतात. दिव्यासमोर काळ्या टेपने एक फोटोट्रान्झिस्टर (उजेड ओळखणारा सेन्सर) चिकटवला आणि त्याची तार ईएसपीला दिली. एलडीआर हा दुसरा उजेडाचा सेन्सर स्वस्त मिळतो, पण त्याची चाल मंद असते आणि छोटी लुकलुक त्यातून निसटते. टेपही जाड हवी. पश्चिमेच्या भिंतीवरच्या मीटरवर दुपारी ऊन आलं की सेन्सर भलतंच मोजू लागतो. कोडमध्ये १०० मिलिसेकंदांच्या आत आलेली दुसरी खूण टाकून द्यायची. तेवढ्या वेगाने दिवा लागायला सव्वाअकरा किलोवॅट लोड लागतो, आणि या घरात तो शक्यच नव्हता.

आता एकाच वेळी दोन आकडे येऊ लागले. वरच्या डीबीत येणाऱ्या फेजवरचं पीझेम आणि मीटरचे पल्स, म्हणजे दिव्याचं लुकलुकणं. २४ तासांनी पीझेमवर ३.०२ युनिट होते. पल्स भरले १५,०४०, म्हणजे ४.७ युनिट. पन्नास टक्क्यांहून जास्त फरक.

इथे बहुतेक जण दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: चिनी मॉड्यूल खोटं, नाहीतर मीटर खोटं. दोन्ही पडताळायला एक साधा लोड पुरतो. वरच्या मजल्यावरचं बाकी सगळं बंद केलं, एक इस्त्री लावली आणि खालच्या काकूंना थोडा वेळ काहीही मोठं चालू करू नका म्हणून सांगितलं. पीझेम, टाँग टेस्टर (तारेला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं साधन) आणि दिव्याचं गणित, तिन्ही एक-दोन टक्क्यांत जुळले. मॉड्यूल खरं, मीटरही खरं. मग पावणेदोन युनिट येतात कुठून?

उत्तर दिवसाच्या आलेखात होतं. मीटर खरंच पळत असेल तर फरक लोडच्या प्रमाणात दिवसभर पसरलेला दिसतो. इथे तो ढिगाऱ्यांनी येत होता. सकाळी साडेसहा ते सव्वासात सर्वात मोठा ढीग, नऊच्या सुमारास एक छोटा, संध्याकाळी पुन्हा. सकाळच्या ढिगात वरचा लोड १२० वॅट होता. दिवा नऊ-साडेनऊ सेकंदांनी लुकलुकायला हवा, तो दीड सेकंदाला लुकलुकत होता, म्हणजे ७७५ वॅटच्या हिशेबाने. आणि त्याच वेळी खाली दोन किलोवॅटचा गिझर चालू असायचा. नऊचा ढीग टाकीत पाणी चढवण्याचा होता, तोही पंप खालच्याच मीटरवर.

ताईंचा तर्क इथे खरा ठरल्यासारखा दिसतो. पण गिझर वरच्या मीटरवर असता तर दिवा दोन हजार वॅटच्या वेगाने पळाला असता, आणि खालचं मीटर त्या वेळी शांत राहिलं असतं. खालचं मीटर मात्र गिझरचं पूर्ण बिल प्रामाणिकपणे मोजत होतं. म्हणजे त्याच विजेचा एक हिस्सा दोन्ही मीटरवर पडत होता.

दुसरं पीझेम लावलं, पण त्याचा सीटी फेजवर नाही. तो डीबीत येणाऱ्या न्यूट्रलवर, न्यूट्रल लिंकच्या (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीच्या) आधी घातला. व्होल्टेजच्या तारा पहिल्याच्याच. एकाच सिरियलवर दोन मॉड्यूल ठेवायची तर आधी एकेकाला वेगळा पत्ता द्यावा लागतो. ती कटकट नको म्हणून ईएसपी३२ चे दोन वेगळे सिरियल पोर्ट वापरले. त्यातल्या पहिल्या पोर्टच्या मूळच्या पिन बोर्डाच्या फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असतात, त्या कोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. नाहीतर बोर्ड सुरू होताच पुन्हा पुन्हा रीसेट होत राहतो.

सकाळी गिझर लागला तेव्हा फेजवर ०.५५ अँपिअर होते आणि न्यूट्रलवर ३.४. घरात अर्धा अँपिअर गेला आणि साडेतीनच्या आसपास परत आला. तो जादाचा करंट खालच्या मजल्याचा होता.

आपल्याकडची घरगुती मीटरं फक्त फेज बघत नाहीत. पूर्वी लोक मीटरवर फेज-न्यूट्रलची अदलाबदल करून अर्थिंगवर लोड चालवायचे आणि मीटरला फसवायचे. त्यावर उपाय म्हणून मीटरमध्ये दोन सेन्सर आले, एक फेजवर, एक न्यूट्रलवर. दोन्हींत ठरावीक फरक पडला की जो करंट मोठा तो धरून मीटर मोजणी करतं. एडीई७७६१ या मीटरसाठीच्या चिपमध्ये ही मर्यादा ६.२५ टक्के आहे. चोरासाठी लावलेला हा सापळा, पण चुकीच्या वायरिंगमध्ये साधा माणूसही त्यात सापडतो. काही मीटरवर अशा वेळी 'ईएल' लिहिलेला दुसरा दिवा लागतो. इथे तो होता, लागलेलाही होता. मीटरपेटीच्या मळकट काचेमागे तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. दर रीडिंगला दोन्ही पीझेमपैकी मोठा आकडा घेऊन बेरीज करायला ईएसपीला सांगितलं, तर दिवसाची बेरीज मीटरच्या ४.७ च्या अगदी जवळ आली.

काकांना हे आकड्यांनी पटेना. मग वरच्या डीबीतले सगळे सिंगल पोल एमसीबी खाली केले. वर पंखासुद्धा फिरत नव्हता. काकूंनी खाली गिझर लावला आणि वरच्या मीटरचा दिवा दीड-दीड सेकंदाला लुकलुकू लागला. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. त्यातून ३.२ अँपिअर वाहत होते. काका बराच वेळ मीटरकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "अहो, मग हे आमचं वरून का जातंय?"

दोन मजल्यांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र झाले होते म्हणून. ती जागा शोधायची तर चालू लाइनवर न्यूट्रल सोडवत बसायचं नाही. खालचा स्वतःचा न्यूट्रल कुठे तुटलेला असेल, तर वर सोडवलेली 'न्यूट्रल' तार खालच्या गिझरमधून येणाऱ्या २३० व्होल्टची निघते, आणि काळी तार म्हणून हात लावणारा माणूस त्यातच जातो. मीटरखालचे दोन्ही डबल पोल मेन स्विच बंद केले, टेस्टरवर न विसंबता मल्टिमीटरने वीज नसल्याची खात्री केली, इन्व्हर्टर दोन्ही बाजूंनी सुटा केला. मग वरची न्यूट्रल लिंक आणि खालची न्यूट्रल लिंक यांच्यामध्ये रेझिस्टन्स बघितला. तिथे जोड सापडायलाच नको. मल्टिमीटरने दाखवले ०.४ ओहम, त्यातला ०.२ तर लीडचाच. उरलेला ०.२ म्हणजे एक स्क्वेअर एमएमची अकरा मीटरच्या आसपास तांब्याची तार. लाइटच्या सर्किटची जाडी आणि जिन्याएवढं अंतर, त्यामुळे कुठे बघायचं ते तिथेच समजलं. खात्रीसाठी वरच्या लिंकवरून एकेक तार सोडवली. जिन्याच्या लाइटची तार सुटताच मल्टिमीटरचा बीप थांबला.

जिन्याच्या जंक्शन बॉक्समध्ये दोन्ही मजल्यांचे न्यूट्रल एका टेपखाली पिळून ठेवले होते. जिन्याचा टू-वे लाइट हे या दुखण्याचं नेहमीचं घर. एक स्विच खाली, एक वर, फेज खालच्या डीबीतून, आणि छताजवळ सर्वात जवळचा न्यूट्रल वरचा. इथे रंगकामाच्या वेळी एक कॅमेऱ्याचा पॉइंट वाढवताना दोन्ही जोडले गेले होते.

तरीही एक गोष्ट जुळत नव्हती. तांब्याच्या तारांच्या हिशेबाने वरून दहा-बारा टक्केच करंट जायला हवा होता, कारण खालचा चार स्क्वेअर एमएमचा रस्ता जवळचा आणि रुंद. जात होता ३७ टक्के. म्हणून खालची डीबी उघडली. न्यूट्रल लिंकचा इनकमिंग स्क्रू सैल होता, तारेचं टोक काळं पडलेलं, इन्सुलेशन तपकिरी. त्या सैल जोडाचा रेझिस्टन्स वाढत गेला तसा करंट वरच्या वाटेने वळत गेला, आणि वरचं बिल एकदम न उडता महिन्यागणिक चढत गेलं. तो स्क्रू पूर्ण सुटला असता तर गिझर, पंप, इस्त्री सगळ्यांचा परतीचा करंट जिन्याच्या एक स्क्वेअर एमएमच्या तारेतून गेला असता. खालचा एमसीबी ३२ अँपिअरचा, तो काही पडला नसता.

त्याच डीबीत आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) होता आणि त्याच्या आतल्या-बाहेरच्या तारा एकत्र करून तो निकामी केलेला होता. "सारखा पडायचा," काका म्हणाले. पडणारच. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की त्याने पडायचं असतं, आणि इथे फरक अँपिअरमध्ये होता. घरात दोष आहे हे त्याने रंगकामानंतर लगेच सांगितलं होतं.

जिन्याचे न्यूट्रल वेगळे केले, लाइट पूर्णपणे खालच्या मीटरवर घेतला, जळलेलं टोक कापून नवीन लग दाबला, आरसीसीबी पुन्हा रांगेत आणला आणि टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघितलं. गिझर, पंप आणि इस्त्री एकदम लावूनही तो टिकला. वर फेज आणि न्यूट्रलमधला फरक आता ०.०२ अँपिअरच्या आत होता, तेवढा दोन मॉड्यूलमध्येच असतो.

ज्याला दोन पीझेम घ्यायची नसतील त्याने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकाच सीटीतून ओवाव्यात. लोड मोजायचा असताना हे नवशिक्याचं नेहमीचं चुकणं, रीडिंग शून्य येतं. पण गळती शोधायची असेल तर तेच शून्य हवं असतं. काही आलं, तर तेवढा करंट दुसऱ्या वाटेने चाललाय.

वीज कंपनीकडून परतावा मिळण्यासारखं काही नव्हतं. मीटर नियमाप्रमाणेच मोजत होतं आणि दोष मीटरनंतरच्या वायरिंगमध्ये होता. ती जादा युनिटं कुणीच वापरलेली नव्हती, त्यामुळे ताईंनी ती काकांकडून मागावीत की नाही यावर थोडी घासाघीस झाली. शेवटी काकांनी वाढीव बिलांची रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यातून वळती केली. दुसरं मॉड्यूल मी काढून आणणार होतो, ताईंनी राहू द्या म्हटलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये ०.१५ अँपिअरहून जास्त फरक मिनिटभर टिकला तर दोन्ही घरांच्या फोनवर संदेश जाईल, एवढंच काम त्याला दिलंय.