रविवारचा तास

बडोद्याच्या आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असं पत्र आलं आणि सगळ्यात आधी आठवलं ते हजेरीपत्रक. इमारतीबद्दल, स्नेहसंमेलनांबद्दल बाकीचे लिहितीलच. मला संध्याशाखेबद्दल लिहायचं आहे, म्हणजे खरं तर सरांबद्दल. फिटर शॉपचे, म्हणजे धातू घासून जोडायला शिकवणाऱ्या कार्यशाळेचे, सर म्हटल्यावर कोणते, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही.

संध्याशाखेतल्या सगळ्यांना ‘मुलं’ म्हणायची पद्धत होती, मग त्यात कुणाच्या मिशा पिकलेल्या का असेनात. कोयलीची रिफायनरी, फर्टिलायझरनगरचा खतकारखाना, मकरपुऱ्याची जीआयडीसी म्हणजे औद्योगिक वसाहत, कुठे ना कुठे हेल्पर म्हणून राबायचं आणि साडेसहा ते नऊ शिकायला बसायचं. वयाची अट नव्हती. दहावीला आपटलेल्यालाही प्रवेश मिळायचा. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली तेव्हापासून या गावात हाताचं काम शिकणं कमीपणाचं नाही, त्यामुळे दांडियाबाजारातल्या वाड्यातला मुलगा आणि पादऱ्याहून सायकल मारत येणारा मुलगा एकाच बाकावर शेजारी कानस चालवत. आपल्या संस्थेचं हे देणं मोठं आहे, आणि ते आधी सांगायला हवं, कारण पुढे तक्रार आहे.

तक्रार हजेरीची. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम दिवसाच्या शाखेसाठी केलेला, तोच उचलून संध्याशाखेला लावला होता. कारखान्याची पाळी मात्र दर आठवड्याला फिरते: सात ते तीन, तीन ते अकरा, मग रात्री अकरा ते सात. दुसऱ्या पाळीचा अख्खा आठवडा मुलगा यंत्रावर उभा, त्या आठवड्यात हजेरी शून्य. राहिलेल्या दोन आठवड्यांत तापातसुद्धा आला तरी बेरीज सहासष्टच्या पुढे सरकत नाही. म्हणजे आपणहून एकही तास न बुडवता तो परीक्षेला अपात्र! तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात यायचा, पण आठ वाजले की मान खाली. अशी कितीतरी मुलं पहिल्या सत्रातच गळाली आणि दाखल्यावर शेरा पडला, ‘अनियमित’.

सरांनी यावर काढलेला तोडगा दोन पदरी होता. प्रात्यक्षिक दिवसावर मोजायचं नाही, जॉबवर, म्हणजे घासायला दिलेल्या तुकड्यावर, मोजायचं. प्रत्येकाचा जॉब तेल लावून, नंबर ठोकून कपाटात ठेवलेला. आठवडाभराने आलात तरी कानस जिथे थांबली होती तिथून पुढे. आणि थिअरीचे तास सोमवारी आणि गुरुवारी, तेच दोन्ही तास रविवारी सकाळी आठ ते दहा पुन्हा, शब्दाला शब्द. दुसऱ्या पाळीवाल्यांची हजेरी तिथे लागायची. कार्यालयाला हे पटायला एक सत्र गेलं. तेवढं सत्र सर रविवारी येतच राहिले.

आता त्या शॉपमध्ये काय शिकवलं ते सांगतो, कारण नव्या मुलांना ते ठाऊक असेलसं वाटत नाही. हॅक्सॉचं, म्हणजे धातू कापायच्या करवतीचं, पातं मोडलं की नवं पातं जुन्याच चिरेत घालायचं नाही. जुन्याचे दात झिजून चीर अरुंद झालेली असते, नव्याचा सेट, म्हणजे दातांचा दोन्हीकडचा कल, रुंद असतो, ते अडकतं आणि तेही मोडतं. जॉब फिरवायचा आणि दुसऱ्या बाजूने कापत यायचं. स्मूथ म्हणजे बारीक दातांच्या कानशीला आधी खडू घासायचा, म्हणजे धातूचा कीस दातांत रुतून पृष्ठभागावर ओरखडे काढत नाही. घासलेल्या जागेवरून तळवा फिरवून ‘गुळगुळीत झालं का’ बघायचं नाही, घामाच्या ओलीने कानस तिथे घसरते. आणि गरम जॉब मोजायचा नाही. शंभर मिलिमीटरचं पोलाद वीस अंशांनी तापलं तर साधारण ०.०२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे व्हर्नियर या बारीक मापाच्या मोजपट्टीची एक रेघ. मे महिन्यात पत्र्याखाली घासून लगेच माप घेणाऱ्याचा जॉब गार झाल्यावर कमी भरायचा, आणि कमी भरलेलं परत भरता येत नाही.

पण सरांचा खरा जॉब म्हणजे जोड. पन्नास मिलिमीटर रुंद, दहा जाड पट्टीला मधोमध पंचवीसची चौकोनी जीभ काढायची आणि दुसऱ्या पट्टीत ती बसेल अशी खाच. जीभ आधी, खाच नंतर, कारण जीभ बाहेरून मोजता येते, खाच तिच्यावर बेतून घासायची. दोन्ही एकदम घासायला घेतली की चूक कुणाची ते कळतच नाही. खाचेच्या आतल्या कोपऱ्यांत घासण्याआधीच तीन मिलिमीटरची भोकं पाडायची. ती नसली की कानस कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, तिथे गोलाई उरते आणि जिभेचा कोपरा तिच्यावर टेकून बसतो. जोड बसला, बाहेरच्या कडा एकसारख्या घासून झाल्या की मुलगा हसत टेबलापाशी जायचा. सर गुजरातीत एवढंच म्हणायचे, “हवे फेरव.” आता फिरव.

फिरवायची म्हणजे जीभ उलटी करून त्याच खाचेत घालायची. अडली, तर जिभेच्या बाजू पृष्ठभागाशी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाहीत. सरळ आत गेली पण बाहेरच्या कडेला पायरी आली, तर जीभ मध्यावर नाही, आणि पायरी चुकीच्या दुप्पट असते. दोन दशांश मिलिमीटर दिसले तर चूक एका दशांशाची. गुण्या आणि व्हर्नियर दोघांनी पास केलेला जॉब या फिरवण्यात पडायचा.

एकदा एकाने फटीत ग्रीस आणि कीस कालवून भरला. नुसत्या डोळ्यांना जोड झकास. सरांनी काही न बोलता तो घासलेटात बुडवला, फडक्याने पुसला, ट्यूबलाइटसमोर धरला. प्रकाशाची रेघ आरपार. सगळ्या वर्गाने ती पाहिली. मग त्या मुलाला विचारलं, फट एका टोकाला रुंद का? कुणालाच सांगता आलं नाही. उत्तर शेगड्यात, म्हणजे जॉब पकडायच्या व्हाइसमध्ये, होतं: त्याच्या जबड्यात जॉब एका बाजूला कलून धरला जात होता. शेगडा दुरुस्त झाला. शिक्षा कुणालाच झाली नाही. कार्डावर तीन रकाने असत, हवं असलेलं माप, आलेलं माप आणि कारण. तिसऱ्या रकान्यात ‘घाई झाली’ असं लिहिलेलं सर खोडून परत द्यायचे. ‘शेगडा कललेला’ हे मात्र चालायचं.

काही गोष्टी सरांच्याही हातात नव्हत्या. चांगल्या कानशी दिवसाच्या शाखेच्या कपाटात, संध्याकाळी वाट्याला यायच्या त्या दात गेलेल्या. फी जूनमध्ये एकरकमी, नेमकी घरात शाळेची पुस्तकं घ्यायची त्याच महिन्यात. आणि दोन वर्षं घासून मिळालेलं प्रमाणपत्र पुढच्या डिप्लोमाच्या दाराशी कुणी विचारायचं नाही, तिथे पुन्हा पहिल्या वर्षापासून, पुन्हा तेच व्हर्नियर. यावर स्मरणिकेत लिहू नये असा संकेत असेल. मी लिहिलं.

आज जुन्या शॉपच्या जागी सीएनसीची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राची, काचबंद खोली आहे, अंगठ्याची हजेरी आहे. यंत्र उत्तम आहे, त्याबद्दल म्हणणं नाही. रविवारचा तास मात्र सर निवृत्त झाले त्या वर्षीच बंद झाला. आताची मुलं कंत्राटावर, बारा-बारा तासांची ड्यूटी, सकाळी आठ ते रात्री आठ, आणि आपला वर्ग अजून साडेसहालाच भरतो.

महोत्सवानिमित्त सरांच्या नावाची संगमरवरी पाटी लावायचं घाटतंय असं कळलं. लावा. पण पाटी थोडी लहान करून त्या पैशांत दोन डझन स्मूथ कानशी आणा, संध्याशाखेच्या कपाटात ठेवा, आणि त्या कपाटाची किल्ली दिवसाच्या शाखेकडे देऊ नका.