मामांची गँग आणि ड्रेस्डेनचा प्लाझ्मा

दिवाळीला गंगाखेडला गेले होते. फराळाचं ताट बाजूला सारून मामांनी सरळच विचारलं, "सहा वर्षं झाली माय तुला जर्मनीत. चिपा बनवायच्या कारखान्यात आहेस म्हणतात. पण तू स्वतः नेमकं काय करायलीस तिथं?"

मी म्हटलं, "मामा, तुम्ही दुकानात बोटानं जे करायचात, तेच."

मामांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथंच पडून असायची. जुन्या रेडिओत अॅल्युमिनियमच्या पात्यांची 'गँग' असते. बटण फिरवलं की फिरती पाती स्थिर पात्यांमध्ये शिरतात, कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवायची क्षमता, वाढतो आणि स्टेशन लागतं. परभणी आकाशवाणी खणखणीत यायला लागली की मामा ट्रिमरला, म्हणजे बारीक जुळणीच्या स्क्रूला, हात घालायचे, तोही लोखंडी स्क्रूड्रायव्हरनं कधीच नाही. जुन्या टूथब्रशची दांडी घासून त्यांनी त्याचं टोक चपटं केलं होतं. लोखंड जवळ नेलं तरी स्टेशन सरकतं, हे मला त्या दांडीनं शिकवलं. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ते पुढं बऱ्याच वर्षांनी आलं.

ड्रेस्डेनमध्ये माझं काम प्लाझ्मा चेंबरवर आहे. 300 मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, चेंबरमध्ये ठेवतात. हवा जवळजवळ सगळी काढून घेतात, थोडासा वायू सोडतात आणि त्याला रेडिओ लहरींची वीज देतात. वायू पेटतो, जांभळट उजेड पडतो. हाच प्लाझ्मा. त्यातले आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू-रेणू, वेफरवर सरळ खाली आदळतात आणि सिलिकॉन कोरत जातात. आपल्या वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, तसंच इथंही नको तेवढं काढून टाकत खाली जायचं असतं. फक्त ही भोकं केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि रुंदीच्या कित्येक पट खोल.

त्या विजेची फ्रिक्वेन्सी 13.56 मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 1 कोटी 35 लाख 60 हजार फेरे. उद्योगधंद्यांसाठी राखून ठेवलेली जी मोजकी फ्रिक्वेन्सी आहेत, त्यातलंच हे एक. आणि माझं खरं दुखणं इथूनच सुरू होतं. वीज देणारा जनरेटर 50 ओहमच्या लोडसाठी बांधलेला असतो. प्लाझ्मा मात्र त्याला हवा तसा वागतो. समजा त्याचा रेझिस्टन्स 2 ओहम आणि वर 100 ओहमचा कपॅसिटिव्ह रिॲक्टन्स आहे, म्हणजे वीज न खाता तिला अडवणारा, कपॅसिटरसारखा विरोध. असा लोड सरळ जोडला तर 100 वॉटमधले सुमारे 97 वॉट जनरेटरकडे वापस येतात.

"वापस येतात म्हणजे? वीज कशी वापस येईल?" मामा म्हणाले. त्यांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले, पण ट्रान्समीटरला हात लावायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

गोठ्यात जुन्या मोटेचा जाड नाडा अजून खुंटीला आहे. तो काढला, त्याच्या टोकाला बारीक सुती दोरी बांधली, दोरीचं टोक मामेभावाला धरायला दिलं आणि नाड्याला एक झटका दिला. लाट नाड्यावरून पळत गेली आणि गाठीपाशी फुटली. थोडी दोरीत शिरली, उरलेली माझ्या हाताकडं परत आली. मनगटाला हिसका बसला. मग मधल्या जाडीचा एक कासरा घेतला आणि नाडा नि दोरी यांच्यामध्ये बांधला. आता हिसका बराच कमी झाला. मामांनी स्वतः चार वेळा झटका देऊन पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे तुझं काम हा मधला कासरा."

हो, माझं काम तो मधला कासराच आहे. आमच्याकडं त्याला मॅच म्हणतात. जनरेटर आणि चेंबर यांच्यामध्ये एक पेटी असते. त्यात एक कॉइल आणि दोन बदलते कपॅसिटर. मॅच जुळला की जनरेटरला समोर 50 ओहम दिसतात. केबलमधून 1000 वॉट साडेचार अँपिअरच्या करंटनं येतात आणि प्लाझ्मात तेच 1000 वॉट 22 अँपिअरहून जास्त करंटनं उतरतात. पेटीतले हे कपॅसिटर व्हॅक्यूमच्या काचेच्या किंवा सिरॅमिकच्या नळीत बसवलेले असतात आणि मोटर त्यांचा स्क्रू फिरवते. म्हणजे मामांचीच गँग, फक्त बोटाच्या जागी मोटर.

अडचण अशी की प्लाझ्मा स्थिर नसतो. पेटण्याआधी तो एक असतो, पेटल्यावर दुसराच. वायू बदलला, दाब बदलला, की तो पुन्हा हलतो. प्रत्येक वेळी मोटरला त्याच्यामागं पळावं लागतं, आणि त्यात अर्धा-एक सेकंद सहज जातो. खोल कोरण्याच्या बॉश प्रक्रियेत एक वायू कोरतो, दुसरा भिंतींवर थर चढवतो. हे आलटून पालटून दर काही सेकंदांनी, कधी त्याहूनही लवकर चालतं. अशा वेळी अर्धा सेकंद म्हणजे पायरीचा मोठा भाग वाया. आणि प्लाझ्मा सेकंदाला हजार वेळा बंद-चालू केला तर मोटरला काहीच कळत नाही, ती सरासरी धरून एका जागी थांबते.

पहिल्या वर्षातली एक रात्रपाळी मी विसरत नाही. पहाटेचे तीन वाजले होते. तेव्हा ज्या फॅबमध्ये, म्हणजे चिपांच्या कारखान्यात, होते, तिथल्या एका चेंबरची रिफ्लेक्टेड पॉवर, म्हणजे वापस येणारी वीज, खाली-वर नाचायला लागली. पेटीला कान लावला. घर्र, थांब, घर्र, थांब. कपॅसिटरचा स्क्रू झिजला होता. मोटरला वाटायचं आपण जागेवर पोचलो, पण पात्याला अजून तिथं जायचं असायचं. मग ती मागं यायची आणि पुन्हा पुढं जायची. मला ते समजेपर्यंत डब्यातल्या 25 वेफरपैकी सात भंगारात गेले होते. त्या सकाळी ट्राममध्ये मला रडू आलं. एका वेफरमागं किती लोकांचे किती आठवडे असतात, हे तोवर मला कळायला लागलं होतं.

आता आमच्याकडं सॉलिड स्टेट मॅच आलेत. त्यात फिरणारं काहीच नाही. खूप सारे स्थिर कपॅसिटर, आणि प्रत्येकाला पिन डायोडचा स्विच. डायोडमधून डीसी करंट सोडला की तो रेडिओ लहरींना वाट देतो. उलटा मोठा व्होल्टेज लावला की वाट बंद. कोणते कपॅसिटर जोडायचे ते प्रोसेसर ठरवतो, आणि मोटरला जिथं अर्धा सेकंद लागायचा तिथं हे काम मायक्रोसेकंदांत होतं. झिजायला स्क्रूच नाही.

मामांना हे पटकन कळलं. "मोंढ्यातल्या तराजूसारखं," ते म्हणाले. "पावशेर, अर्धा, एक, दोन. हवी ती वजनं पारड्यात टाकायची." अगदी तसंच. दुप्पट-दुप्पट होत जाणारे आठ कपॅसिटर घेतले तर 256 मापं मिळतात. पण लगेच त्यांनी तोच प्रश्न टाकला, जो मला प्रशिक्षणात पडला होता: "आणि दोन वजनांच्या मधलं माप आलं तर?" तेव्हा जनरेटर आपली फ्रिक्वेन्सी किंचित सरकवतो आणि उरलेला फरक भरून काढतो.

माझं मत विचाराल तर मोटरचे मॅच एवढ्यात जाणार नाहीत. जिथं तासभर एकच पायरी चालते, व्होल्टेज फार मोठा असतो, तिथं व्हॅक्यूम कपॅसिटर अजूनही भक्कम आणि स्वस्त पडतो. डायोड तापतो, आणि एकदा फुटला की सहसा शॉर्टच होतो. पण जिथं पायऱ्या भराभर बदलतात तिथं मी आता मोटरकडं परत जाणार नाही.

नांदेड, लातूर, संभाजीनगरच्या पॉलिटेक्निकमधली मुलं मला विचारतात की सेमीकंडक्टरमध्ये यायला चिप डिझाइनच शिकावं लागतं का. अजिबात नाही. फॅबला आरएफ (रेडिओ लहरींची वीज), व्हॅक्यूम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स समजणारी माणसं लागतात. 1939 मध्ये फिलिप स्मिथनं छापलेला स्मिथ चार्ट, म्हणजे मॅच कागदावर जुळवायचा गोल तक्ता, मी आजही रोज उघडते. त्याचा एक कागद प्रिंट करा, कंपास घ्या आणि वर सांगितलेले 2 ओहम नि उणे 100 ओहम (कपॅसिटिव्ह रिॲक्टन्स उणे धरतात) त्यावर मांडा. तिथून मधल्या बिंदूपर्यंत, म्हणजे 50 ओहमपर्यंत, यायला दोन हालचाली पुरतात. त्या कोणत्या, ते स्वतः शोधा.

परवा सकाळी मामांचा फोन आला. त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "त्या डायोडला हीटसिंक कसला लावतात गं?" मी सांगितलं, धातूची जाड पट्टी, आणि तिच्या आतून पाणी खेळवलेलं असतं. "पाणी? एवढ्या करंटाजवळ?" फॅबमध्ये फोटो काढायला परवानगी नसते. म्हणून रात्री कागदावर डायोड, मध्ये सिरॅमिकचा पातळ थर, खाली पट्टी आणि नळी असं चित्र काढून पाठवलं. सिरॅमिकवर त्यांनी लाल पेनानं गोल करून परत पाठवलंय: "हे किती जाड?"

उद्या पाळीला गेले की मोजून सांगते.