कूलरसमोर टिकेल तो गेम

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बोर्ड गेम कधीच न खेळलेल्या माणसाला पहिला कोणता द्यायचा, हे मला सारखं कोणी ना कोणी विचारतं, आणि विचारणाऱ्याला वाटतं मी कॅटन म्हणेन, तो माल गोळा करून वस्त्या बांधायचा गाजलेला गेम.

मीही कॅटननेच सुरू केलं होतं. मे महिना, यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, 45 डिग्री, बाहेर कुत्रं फिरत नाही, म्हणजे भिडू आयतेच घरात सापडलेले. लाकूड, विटा, मेंढ्या, फाशांवर 7 पडला की चोर, असं वीस मिनिटं सांगत बसलो, तेवढ्यात मोठ्याईनं कूलर फुल्ल केला आणि मालाचे सगळे पत्ते उडून दिवाणाखाली. मोठेबाबा उठलेच, "तुह्या खेळापेक्षा आपली रमी बरी राजा." बरोबरच होतं, रमीच्या गड्डीवर चष्म्याची डबी ठेवली की भागतं, इथे पाच मालाचे पाच गठ्ठे, डब्या आणायच्या किती!

तेव्हापासून माझं उत्तर किंगडोमिनो. 2016 चा गेम, 2017 ला जर्मनीचा 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम गेम, हा पुरस्कार मिळालाय, पण ते गावात सांगून काही उपयोग नाही. उपयोगाचं हे की 48 तुकडे जाड पुठ्ठ्याचे आहेत, कूलरला दाद देत नाहीत, वाचायला एक अक्षर नाही, आणि डाव चहा उकळेपर्यंत नाही तरी वीसेक मिनिटांत आटपतो. एका तुकड्यावर दोन चौकोन, गहू, जंगल, तळं, कुरण असे, ते जोडत पाच बाय पाचचं राज्य करायचं. नियम सांगू नका, तुकडा हातात द्या, चुकला की बोला.

मार्क मात्र शेवटी. एकाच प्रकारचे लागून असलेले चौकोन गुणिले त्यांच्यावर छापलेले मुकुट. मोठेबाबांनी सात चौकोन गहू लावला, खुश, मुकुट एकही नाही, म्हणजे शून्य. मला वाटलं, झालं, उठतात आता. ते आपल्या राज्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे पीक हाय, भाव नाई." आणि तुकडे स्वतःच पालथे घालून पिसायला लागले.

पुढच्या डावात त्यांना मुकुटाशिवाय काही दिसेना. मोठ्याई दारात तूर निवडत बसली होती, तिनं तिथूनच सांगितलं, "चांगला उचलाल तर पुढच्या पाळीत मांगं राहाल." हा नियम मी अजून सांगितलाच नव्हता.

कॅटन पण खेळतो आम्ही, पण दिवाळीत. तेव्हा कूलर माळ्यावर असतो.